मातकट जाकीट

आई,

१. घर बदलताना कपाटात मातकट रंगाचं ते जाकीट सापडलं.
२. रविवारी ते परत करायला मी पक्ष्यांच्या राखीव माळावर गेले.
३. कॅमेरावाल्या जपानी आजोबांनी ते घेतलं नाही.

तू टोकियोत, निशी-कसाईला माझ्याकडे राहायला आलीस, तेव्हा मी दिवसभर ऑफिसात आणि तू घरात एकटी. "भिंतींशी किती बोलू?" म्हणालीस, म्हणून सुट्टीच्या दिवशी तुला खाडीकाठच्या त्या माळावर नेलं. गवताच्या कडेला म्हातारे लोक मोठमोठ्या लेन्स लावून चिडीचूप बसलेले, आणि त्यांच्या मधोमध तू, शेंदरी शाल पांघरून. झुडपाच्या शेंड्यावर पक्षी दिसताच तू ओरडलीस, "अगं, खाटीक! तो बघ, तो बघ!" तो उडाला. कुणालाच फोटो मिळाला नाही. "आई, इथे बोलत नाहीत," मी रागावले. शेजारच्या आजोबांनी मात्र स्वतःचं मातकट जाकीट काढलं आणि मुकाट्याने तुझ्या भडक शालीवर घातलं. तू मला म्हणालीस, "बघ, रागवायचं ते असं."

मग तू रोज बसने एकटी जायला लागलीस, डब्यात थालीपीठ घेऊन. ते कॅमेऱ्यात फोटो दाखवायचे, तू मराठी नावं सांगायचीस. संध्याकाळी मला म्हणायचीस, "आज आमच्या खूप गप्पा झाल्या." जपानी येत होतं ते मला, आणि मी त्यांच्याशी नमस्कारापलीकडे बोलले नव्हते.

जाकीट माझ्या कपाटात ठेवून तू पुण्याला परतलीस आणि त्याच वर्षी गेलीस. त्यानंतर मी माळावर गेले ती थेट या रविवारी. आजोबा त्याच जागी बसले आहेत, बरेच वाळलेत. जाकीट बघून उठतात. "ओकासान कशा आहेत?" आई कशी आहे, विचारतात. मी वाकून म्हणते, "बऱ्या आहेत." ते जाकिटाची नीट घडी घालून माझ्या हातात परत देतात. "मग त्यांनाच राहू दे. येतील तेव्हा थंडी असेल." आणि झुडपाकडे बोट दाखवून, तुझ्याच उच्चारात, "खाटीक आलाय म्हणावं."

ऑफिसात मी बिघाडांचे अहवाल लिहिते, कमीत कमी शब्दांत. आई गेली, हे दोनच शब्द होते. मी खोटं बोलले ते त्यांना जपायला नाही. कुणीतरी अजून तुझी वाट बघतंय, ते मला मोडवलं नाही.

येत्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे. त्यांना सांगू का? शनिवारपर्यंत कळव.