कोबीच्या पिंपातला दगड

पालागा वन्संना, त्यांच्या धाकट्या भावाची विधवा दोचिया हिचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तितकाच).

तुमचे गुडघे कसे आहेत? डाव्या डोळ्याचं पाणी थांबलं का? देव तुम्हाला भरपूर आयुष्य देवो, निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी. इकडे सगळं ठीक आहे. डुक्कर चांगलं भरलंय, कोंबड्या अंडी देत नाहीत. अक्षर वेडंवाकडं दिसेल. त्याला कारण माझं शिक्षण आहेच, पण आज धक्काही बसलाय.

तुमच्या भावाच्या वर्षश्राद्धाला मी तुम्हाला त्याच्या नावाचं दान म्हणून भाकरी, मेणबत्ती आणि टॉवेल दिला, आणि मातीचा लोटा द्यायचा तिथे फुटक्या दगडाचा अर्धा तुकडा दिला. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. लोटे पाहुण्यांना पुरले नाहीत हे मी तेव्हाही सांगितलं होतं. दगडही काही रस्त्यातला नव्हता. तुमच्या भावाने खाणीतून जेवणाच्या पिशवीत, डुकराच्या चरबीखाली लपवून आणलेलं ते 'खाणीचं फूल' होतं, खडकात उगवणाऱ्या स्फटिकांचा दगड. बसमधून उतरताना पिशवी आपटली आणि फुलाचे दोन तुकडे झाले. एक तुम्हाला दिला. दुसरा वजनदार होता, म्हणून तळघरातल्या कोबीच्या पिंपात ठेवला, पानं खाऱ्या पाण्याखाली दाबून धरायला. आमचा नदीतला जुना गोटा त्याच वर्षी तडकला होता. आता सांगा, कोणतीही शहाणी बाई दुसरं काय करेल?

तर मंगळवारी शहरातल्या दगडांच्या संग्रहालयाचे मोल्नारसाहेब आले. खाणी बंद पडल्यापासून हे लोक घरोघर फिरतात, कोणाच्या नवऱ्याने काय आणून ठेवलंय ते बघायला. मी खिडकीच्या दोन काचांमध्ये मांडलेली बाकीची खाणीची फुलं दाखवली. त्यांनी भिंग लावलं आणि "छान आहेत" म्हणाले, म्हणजे रद्दी आहे. माणूस वाळका, म्हणून जेवायला बसवलं. सारमाले होते. कोबीच्या पानात गुंडाळलेला भात आणि खिमा माणूस इतका खाऊ शकतो हे मला या वयात कळलं. वर आलुबुखाराची दारू दिली. दारू पोटात गेल्यावर साहेब फुलले आणि आपल्या संग्रहालयातल्या सगळ्यात देखण्या दगडाचं वर्णन करायला लागले. काळ्या चौकोनी ठोकळ्यांवर काचेसारखे स्फटिक, खाली पितळी पट्टी, आणि पट्टीवर आपल्या खाणीच्या मेलेल्या इंजिनिअरचं नाव.

वन्सं, माझ्या हातातला चमचा पडला. तो दगड तुमच्या भावाने काढला होता. ओल्या बोगद्यातून मला बाहेर काढा, म्हणून इंजिनिअरच्या घरी नेऊन दिला होता. इंजिनिअरने दगड ठेवून घेतला आणि तुमच्या भावाला बोगद्यातच ठेवला. फुप्फुसं कशी गेली ते तुम्ही पाहिलंत. आणि त्याची बायको, ती इंजिनिअरीणबाई, तीस वर्षं चर्चमध्ये माझ्या पुढच्या रांगेत टोपी घालून बसतेय.

मी दारूची बाटली उचलून कपाटात ठेवली. साहेबांना वाटलं, त्यांनी दारू जास्त घेतली म्हणून म्हातारी रागावली. त्यांचं डोकंही गरगरायला लागलं होतं. मग मी त्यावर करतात तेच केलं, पिंपातलं कोबीचं आंबट पाणी पेलाभर आणून पाजलं. साहेबांना ते इतकं आवडलं, की पिंप बघायचं म्हणाले. बॅटरी घेऊन माझ्यामागे तळघरात उतरले, झाकण उचललं आणि बॅटरी आत धरली.

"आजी, हा दगड इथे कधीपासून आहे?"

"नवरा गेल्याच्या दुसऱ्या वर्षापासून."

"आणि तुम्ही हा कोबी खाता?"

"नाही, त्याला गोष्टी सांगते."

मी दगड दर वर्षी अंधारात हाताने चाचपून ठेवायची. त्या दिवशी उजेडात पाहिला. वरचा पांढरा चुन्यासारखा थर आंबट पाण्याने खाऊन टाकला होता आणि आतून स्फटिक निघाले होते, संग्रहालयातल्यासारखेच, पण बोटाएवढे मोठे. खालचे काळे चमकणारे ठोकळे म्हणजे शिसं, असं साहेब म्हणाले. शिसं म्हणजे विष, असंही म्हणाले. मग त्यांनी आधी दगडाला मिठी मारली, नंतर स्वतःच्या पोटाला. रडावं की ओकावं हे काही केल्या त्यांचं ठरेना. शेवटी दोन्ही केलं. (तळघर मलाच धुवावं लागलं.)

डॉक्टरने तपासलं. साहेबांना काही झालेलं नाही. दारू उतरली आणि बरे झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तुटलेल्या बाजूवर बोट ठेवून म्हणाले, दुसरा अर्धा हवा. दोन्ही तुकडे जुळले तर दगड मधल्या कपाटात लागेल, आणि पट्टीवर 'खाणकामगार गाव्रिला तिफोर याने काढला' असं लिहीन. एकटा तुकडा खालच्या फळीवर जाईल, बिननावाचा. मी सांगितलं, मेलेल्याच्या नावाने दिलेलं परत मागता येत नाही. मागितलं तर तो तिकडे रिकाम्या हाताने बसतो. साहेब म्हणाले, तिकडे दगडाचा त्याला काय उपयोग? मी म्हटलं, बसायला.

वन्सं, तुमच्या भावाचं नाव जगात एकाच ठिकाणी लिहिलंय, लाकडी क्रुसावर, आणि तेही पावसाने धुऊन गेलंय.

तरी मी काही मागत नाही. सहज खुशाली कळवली. थंडीत जपा.

तुमची,
दोचिया

ता. क. मी पाद्रीबाबांकडे गेले होते. दिलेलं दान परत मागायचं नाही हे खरंच आहे. पण बहिणीने भावाच्या नावाने दान द्यायला कसलीच आडकाठी नाही, आणि ते कोणत्याही गरीब विधवेला चालतं. येत्या मृतांच्या शनिवारी, सगळे आपापल्या मेलेल्यांच्या नावाने दान देतात तेव्हा, मी तुमच्या फाटकापाशी उभी राहीन. तुम्ही मेणबत्ती लावून दगड माझ्या हातात द्या. 'देव त्याला क्षमा करो' हे दान घेणाऱ्याने म्हणायचं असतं, ते मी मोठ्याने म्हणेन, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं. वाटल्यास नाकही मुरडा, मी खाली बघेन. लोटा तेवढा घेऊन येते, तुमचा राहिलेला.

आणखी एक. गेल्या महिन्यात बसच्या ड्रायव्हरबरोबर तुम्हाला कोबीची बरणी पाठवली होती. उघडली नसेल तर उघडू नका. उघडली असेल तर आता उगाच विचार करू नका.

आणखी. तुमच्याकडचा तुकडा अजून पांढराच असणार, तो घासायला जाऊ नका. साहेब म्हणतात, थर ते औषधाने काढतील. मी त्यांना हो म्हटलंय. पण माझं पिंप अजून भरलेलंच आहे, आणि इंजिनिअरीणबाईंना मी नाताळच्या जेवणाचं आमंत्रण दिलंय. त्यांना सारमाले फार आवडतात.