खोडलेली अन्नपूर्णा

३ सप्टेंबर
सकाळी नागपूरला उतरलो. मंदिराचे प्रेमानंदभाऊ स्वतः स्टेशनवर आले होते; महाल भागातल्या मंदिरात पोचेपर्यंत तर्री-पोहे खाऊ घातले. सभामंडपाच्या भिंतीवर अन्नपूर्णा रंगवायची आहे. आजवर सांगलीत कारखानदारांचे चेहरे रंगवले, देवी पहिलीच. खोलीला उत्तरेचा छान उजेड. कपाटात जाड, पिवळट कागदाचं भेंडोळं मिळालं. त्यावरच कच्ची रेखाटनं करीन. समोर बसायला शामला आहे, मंदिराच्या स्वयंपाकघरात पोळ्या करते. उमरेडहून एसटीने येते, भावाकडे राहते. इतकी स्थिर बसते की पेन्सिल आपोआप चालते.

५ सप्टेंबर
आकृती छान उतरली, पण पळी धरलेला उजवा हात काही जमत नाही. बोटं लाकडी दिसतात. खोडखोडून कागदाचं तूस निघालं. त्यात प्रेमानंदभाऊंचं म्हणणं, तोंड देवीचं वाटून नाही राहिलं. डोकं उठलं.

६ सप्टेंबर
शामलाच्या हातातून पळी सारखी सुटत होती. मी वैतागून बोललो. ती वरमली. "कालपासून हातात जीवच नाही वाटून राहिला जी मले. पोळी बी लाटता नाही आली." काम जास्त झालं असेल. घरी पाठवलं. दिवस फुकट! चिडून ओठही खोडले, निदान ते तरी नव्याने काढू म्हणून.

८ सप्टेंबर
शामला आली ती बोलेचना. ओठ पांढरे, एकमेकांत मिसळून गेल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, लकव्यासारखं काहीतरी दिसतं. खोलीत येऊन कागद पाहिला. हात नाही, ओठ नाहीत.
छे. असं कुठे असतं?

९ सप्टेंबर
सकाळपासून तिचा हात काढतोय. खोडलेल्या जागी शिसं उमटतच नाही. कोळसा झडतो. शाई ओघळून जाते. दुसऱ्या कागदावर तिला पूर्ण काढलं, डोक्यापासून पायापर्यंत— फरक नाही. चेहरे रंगवण्यात आयुष्य गेलं, आणि दोन ओठ काढता येत नाहीत मला!
ती दारात बसून आहे. डोळ्यांनी विचारते आहे—

१० सप्टेंबर
तिचा भाऊ अंकुश रिक्षा घेऊन आला. तिला खाली रिक्षात बसवून वर चढला. "माह्या बहिणीले काय करून ठेवलं गा?"
सगळं खरं सांगितलं. कागद दाखवला. दाखवायला नको होता.
त्याने हिसकावला. मी पाय धरले, फाडू नका म्हणालो. फाडला नाही त्याने. जिन्यात मुठीत चुरगळला.
कागद चुरचुरला, आणि खाली रिक्षात तसाच आवाज— हाडांचा—
खाली जायचं धाडस नाही. खिडकीतून दिसतंय. अंकुश तिला हलवतोय, नाव घेऊन ओरडतोय. कागद त्याच्या हातातच आहे. मी इथून सांगतोय, सोडा, हात उघडा— त्याला ऐकू जात नाही— तो रडतोय, आणि रडताना मूठ आणखी—