बीकेच्या संध्याकाळचा वारा

हॅनोव्हर, १६ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न., आणि विनंतीऐवजी या वेळी कबुली विशेष.

एकवीस तारखेला संध्याकाळी सहाला, हिवाळ्याला निरोप देणारी बीकेची होळी पेटवताना, ताटेबुलच्या बांधावर वारा किती असेल? तुमच्या पत्रातल्या या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही.

वादळांचा अंदाज बांधणारे आम्ही बारा जण फावल्या वेळात अख्ख्या युरोपच्या एकाच नकाशावर रेष ओढतो. तिच्या आत कुठेतरी गडगडाट होईल, छपरं उडवणारा वारा येईल, एवढाच तिचा अर्थ. हिवाळ्यातले हे ढग बुटके असतात. वीज एखाद-दुसरीच चमकते, पण उंचावरचा वारा ते सरळ जमिनीवर आणून आपटतात. नेमका कुठल्या गावावर, हे तासभर आधीही कळत नाही.

आता कबुली. नोव्हेंबरात माझ्या रेषेमुळे तुम्ही मुलांची कंदिलांची मिरवणूक रद्द केलीत, आणि त्या संध्याकाळी पानही हललं नाही. खरी रेष एल्ब नदीच्या मुखापाशीच संपत होती. पुढचे शंभरेक किलोमीटर मी ती ओढली, कारण पुढे तुम्ही होतात.

आईने विणलेले मोजे मिळाले. एक माझ्या मापाचा आहे, दुसरा बहुधा तुमच्या.

हे वाचूनही माया आहे तेवढीच ठेवा.
तुमची फ्राउके


ताटेबुल, १८ फेब्रुवारी

चि. फ्राउकेस,
बापाचे आशीर्वाद. आईचे त्याहून जास्त. ती शेजारी बसून पाहते आहे.

कबुली वाचली. आई म्हणाली, पोरीने मायेने केलं. मी म्हणालो, त्या मायेपायी बेकरीवाली अजून मला रोज विचारते की मोमेसाहेब, आज छत्री घेऊ का. घराण्यात पहिली पदवी आली आणि बापाला हवेबद्दल बोलायची सोय उरली नाही.

गावच्या बंबाचा प्रमुख म्हणून ही माझी शेवटची बीके. लाकडांचा ढीग घराएवढा झाला आहे. शेजारच्या ओकेबुलची पोरं आधीच येऊन तो पेटवून देतील म्हणून आम्ही पाळीपाळीने राखण करतो. होळी रद्द केली तर ओकेबुलवाले वर्षभर चिडवतील, ते मी सोसेन. पण बांधाला लागून गवती छपरांची सात घरं आहेत, त्यातल्या एकात आंके काकू काठी टेकत फिरते. वाऱ्याने ठिणगी तिकडे गेली तर आमचा बंब फक्त बघत उभा राहील.

सहाची वेळ पणजोबांच्याही आधीची आहे. पेटवू की नको, एवढंच कळव. तुझं ते 'कुठेतरी' इथे चालायचं नाही.

मोजे अदलाबदल करून घालत जा. लोभ आहेच, तो वाढवायला जागा नाही.
बाबा


हॅनोव्हर, १९ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न., घाईत.

सहाला हो की नाही, हे आजही सांगता येत नाही. संगणकाचं एक गणित वादळ चारला आणतं, दुसरं आठला. ताटेबुल रेषेच्या आत आहे. सकाळपासून तुमचा प्रश्न समोर ठेवून बसले होते, तेव्हा लक्षात आलं की मला उलटी गोष्ट सांगता येते. दुपारी तीनच्या आत ते येत नाही. यावर सगळ्या गणितांचं एकमत आहे, आणि माझंही.

तेव्हा सकाळी अकराला पेटवा आणि तीनपर्यंत निखारे भिजवून मोकळे व्हा. भर दिवसा बीके म्हणजे उन्हात कंदील, हे मला कळतं. लोक हसतील. तुम्हाला हसतील, मला नाही, म्हणून हे दोनदा खोडून लिहिलं आहे.

रागावलात तरी पत्र टाकत राहा.
तुमची फ्राउके


ताटेबुल, २२ फेब्रुवारी

चि. फ्राउकेस,
आशीर्वाद, धुराचा वास लागलेले.

अकराला पेटवली. ज्वाळा दिसेनात, नुसता धूर. आंके काकू काळा चष्मा लावून आली आणि म्हणाली, डोळे दिपले रे मोमे. ओकेबुलच्या बंबाचा प्रमुख बोय मुद्दाम मोटार थांबवून विचारून गेला, की बीकेनंतरचं केलच्या भाजीचं जेवण तुम्ही आता न्याहारीला जेवणार का. तीनला निखारे भिजवले.

सहाला हवा इतकी शांत, की ओकेबुलची आग सरळ आभाळात चढत होती. फार देखणी. मी पडदा ओढून घेतला. आईने तो परत उघडला.

साडेसातला गडगडलं, दोनदाच. मग दार आतून खांद्याने धरावं लागलं. पाठोपाठ बोयचा फोन, की ठिणग्या मेंढ्यांच्या गोठ्यावर गेल्यात, बंब घेऊन ये. आमची माणसं मोकळीच होती. गोठा गेला, मेंढ्या सगळ्या वाचल्या, बोयच्या भुवया तेवढ्या जळल्या. आपल्या सातही छपरांना धग लागली नाही. बेकरीवालीने आज पाव फुकट दिला, शिळा होता.

आता माझ्या जागी येणारा हिन्रिक विचारतो, पुढच्या वर्षीही पोरीला विचारायचं ना? त्याला हो म्हणण्याआधी मला एक सांग. या वेळची रेष वाऱ्यासाठी होती की पुन्हा आमच्यासाठी? वादळ आलं म्हणून सुटलीस असं समजू नकोस.

उत्तर काहीही असो, ईस्टरला घरी ये.
बाबा


हॅनोव्हर, २४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि., यात आज विशेष खरंच आहे.

तुमच्या प्रश्नाचा राग आला नाही. थोडा आला, पण चहा घेतल्यावर गेला. विचारायलाच हवं होतं तुम्ही.

सतरा तारखेला, तुमचं अठराचं पत्र यायच्या आधीच, मी गटातल्या सगळ्यांना नोव्हेंबरची गोष्ट सांगितली आणि आपल्या किनाऱ्याची पेन्सिल फिनलंडच्या इल्काकडे दिली. वेळांचं गणित माझं होतं, रेष त्याची. ताटेबुल कुठे आहे हे त्याला माहीत नाही. त्याने ती आपल्या गावावरून डेन्मार्कपर्यंत नेली तेव्हा मी संगणक सोडून खोलीबाहेर उभी राहून आईचे मोजे बदलत होते.

तेव्हा हिन्रिकना हो सांगा. फक्त विचारायचं ते इल्काला, मी मध्ये निरोप्या.

त्याच्या बदल्यात फिनलंडची रेष मी घेतली आहे. काल पहिली ओढली. त्याची आई कुठल्या गावात राहते, ते मी त्याला विचारलेलं नाही.

तुमची,
फ्राउके