भुलीची दोन औषधं

प्रिय ठमाबाई,

काल सभागृहात तू तुझ्या अभ्यासाचे निष्कर्ष सांगत होतीस तेव्हा मी शेवटच्या रांगेत होते. शेवटी लेकीने भोकाड पसरलं म्हणून बाहेर पळाले, नाहीतर टाळ्या थांबेपर्यंत हललेच नसते.

सिझेरियनसाठी मणक्यात भूल द्यायची दोन औषधं, एक जुनं, एक नवं. त्यांतलं बाईला सोसायला सोपं कोणतं, हे तू शोधत होतीस. कुठल्या सिरिंजमध्ये काय भरलंय ते फक्त औषधवाल्या बाईंना ठाऊक. माझी वेळ आली तेव्हा आईने भुणभुण लावली, ताईला नवंच दे म्हणून. तू म्हणालीस, मलाच माहीत नाही. घरात कुणाचा विश्वास बसेना! वर, बहिणीच्या बाबतीत आपला हात आणि डोळा दोन्ही लबाडी करतील म्हणून टोचायचं नि तपासायचं काम डॉक्टर मैत्रिणीकडे सोपवून तू बाहेर जाऊन बसलीस.

माझं बीपी उतरलं, मळमळलं. संध्याकाळपर्यंत पाय जणू दुसऱ्या कुणाचे. शेजारच्या खाटेवरची बाई मात्र दुपारीच बोटं हलवायला लागली, तसा आईचा पारा चढला. परक्यांना चांगलं आणि सख्ख्या बहिणीला उरलंसुरलं! ती कितीतरी दिवस तुझ्याशी धड बोलली नाही. मलाही तुझा रागच आला होता.

काल तुझं ऐकताना कळलं, मला जुनंच मिळालं होतं. तुझे मोठे डॉक्टर नव्याच्या बाजूचे, पुढ्यातच बसलेले. त्यांच्यासमोर तू सरळ सांगितलंस, की नव्याने पाय लवकर सुटतात, बीपीही कमी उतरतं, पण काही जणींना टाके घालतानाच दुखायला लागलं, म्हणून जुनं टाकून देता येणार नाही. त्यांचा चेहरा उतरला, पण तू अडखळली नाहीस. माझा ऊर इतका भरून आला, की शेजारच्या अनोळखी गृहस्थांना सांगूनच टाकलं, ही माझी धाकटी बहीण. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. नंतर ती फोनवर मावशीला तेच तिखटमीठ लावून सांगत होती.

आता मुद्द्याचं. नवऱ्याखेरीज अजून कुणाला बोललेले नाही: मला पुन्हा दिवस गेलेत, आणि यावेळीही सिझेरियनच करावं लागेल म्हणतात. तुझा अभ्यास संपलाय, तेव्हा आता लबाडीची भीती नको. दोन्हींतलं कोणतं ते तू ठरव, मी विचारणारसुद्धा नाही. सुई मात्र तुझ्याच हातची हवी.

तुझीच, अजूनही तुझ्यावर हुकूम सोडणारी,
ताई