चंदनाच्या साबणाने धुतलेलं पिल्लू

९ जानेवारी २०२५, सकाळ
कोराडीजवळच्या शेतावरून

ती. आईंना मेघाचा सा. न. वि. वि.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि काल धंतोलीच्या दवाखान्यात तुम्ही अर्धी पोळी खाल्ली, असं तुमच्या मुलाने, विहंगने सांगितलं. बरं वाटलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की आपल्या घरच्या गोष्टी वॉर्डभर होतात, म्हणून विहंगच्या ऑटोतून डब्यासोबत ही चिठ्ठी.

तुमची लाडकी शेळी कवडी पहाटे व्याली. दोनदा मेलेली पिल्लं टाकली होती तिने, या वेळी जिवंत मादी आहे. पण आई, ते बघून मला चहासुद्धा गेला नाही. पिवळं, बुळबुळीत, तारा सुटलेलं काहीतरी, आणि कवडी ते चाटायला लागलेली! शिसारी आली. मी पिल्लू उचललं, गरम पाण्याने आणि माझ्या चंदनाच्या साबणाने स्वच्छ आंघोळ घातली, पुसून शेकलं. मागून पडलेली जार, म्हणजे वार, ओकत ओकत उकिरड्याशेजारी पुरली.

आता कवडी त्याला जवळ येऊ देत नाही. हुंगते आणि ढुशी मारते. इतकं देखणं लेकरू, आणि आई अशी! विहंगने तिचे पाय धरले तेव्हा कुठे घोटभर चीक पोटात गेला. बाटलीला ते तोंड लावत नाही. कान गार पडलेत. मला भीती वाटते.

बोकडाचं तर बोलूच नका. स्वतःच्या दाढीवर मुततो आणि लाडात येऊन ती दाढी माझ्या ओढणीला पुसतो. गोठ्यात टांगलेल्या तुमच्या जुन्या लुगड्यालाही तोच वास. उद्या सर्फात भिजवणार आहे. तुम्ही या वासात इतकी वर्षं जेवलात तरी कशा?

काय करू ते लगेच कळवा. राग आला तरी लोभ तेवढा असू द्या.
आपली,
मेघा

९ जानेवारी, दुपार
धंतोली, नागपूर

चि. सौ. मेघाले आईचे अनेक आशीर्वाद.

हे काजल सिस्टर लिहून राहिली. तिले म्हटलं, मी बोलून राहिली तसंच लिही, सुधरवू नको.

अवं, शेळी काय डोळ्यानं लेकरू ओळखते? नाकानं ओळखते. तू तिचं लेकरू धुऊन टाकलं अन् चंदनाचं दुसरंच तिच्यापुढं ठेवलं. तिनं काहून जवळ घ्यावं? मले काय माहीत, का तू साबण काढशीन.

आता नीट वाच. ती जार उकरून काढ. रबरी हातमोजे घालू नको, त्याचाही वास लागते. उघड्या हातानं पिल्लाच्या डोक्याले, पाठीले, शेपटीखाली चोळ. वरून कवडीचंच दूध लाव, चिमूटभर मीठ टाक, म्हणजे ती चाटन. मंग तिच्या नाकापुढं ठेव अन् बाजूले हो. आजच कर, वं. एकदा का तिचं मन फिरलं, तर ते लेकरू गेलं समज. लिहिता लिहिता सिस्टरचं तोंड वाकडं झालं. मले हसू येऊन राहिलं अन् टाके दुखून राहिले.

तुले किळस येते, ठाऊक आहे मले. मलेही इथं येते. दिवसभर फिनाईल अन् स्पिरिट, वरणभातालेही तोच वास. अंगाले आपल्या घराचा वासच राहिला नाही. लुगड्याचा त्रास होत असन तर धुऊन टाक.

जिवाले जप, अन् माझ्या कवडीलेही.
तुझी आई

१० जानेवारी, सकाळ
शेतावरून

ती. आईंना सा. न. वि. वि.

केलं. जार उकरली तेव्हा तिला मुंग्या लागल्या होत्या. दोनदा ओकले, तिसऱ्यांदा पोटात काही उरलंच नव्हतं. तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहीत नाही. उघड्या हातांनी ती घाण चोळली, दूध लावलं, मीठ टाकलं आणि पिल्लू कवडीपुढे ठेवलं.

तिने पहिल्यांदा ढुशीच मारली. मला रडू आलं. मग तिच्या जिभेला मीठ लागलं. चाटता चाटता ती थांबली, शेपटीखाली खूप वेळ हुंगत राहिली, आणि घशातल्या घशात काहीतरी पुटपुटली. पिल्लू सडाला लागलं तेव्हा त्याची शेपटी थरथरत होती. नंतर कवडीने माझी बोटंही चाटली. मी हात तिथेच ठेवला.

आज पिल्लू उड्या मारतंय. मला अजूनही किळस येते, खोटं कशाला बोलू. बोकड तर अगदीच ओंगळ आहे, उरलेला साबण त्यालाच लावावा म्हणते.

रविवारी घरी याल तेव्हा थेट गोठ्यात जाऊ नका. तुमच्या अंगाला दवाखान्याचा वास असेल, कवडी परकं समजेल. लुगडं मी धुतलं नाही. बादलीत टाकायला घेतलं होतं, पुन्हा खुंटीवर टांगलं. आधी ते अंगावर घ्या, मग आत जा.

लोभ आहेच, तो आता वासासकट वाढावा.
आपली,
मेघा