कपाटात वाजणारा फोन

लकडगंज, नागपूर

प्रिय मिनल,

सासूचं पत्र पाहून तू दचकशील. फोन असताना पत्र काहून, असंही मनात येईल. पण फोनवर तू "हो आई, बरं आई" म्हणत मला बोलूच देत नाहीस, आणि माझंही तोंडाशी आलेलं मागे फिरतं. मग मी पुण्याच्या हवेबद्दल विचारते आणि तू ह्यांच्या गुडघ्याबद्दल. कागदावर निदान मधे कोणी बोलत नाही.

इथे ऊन फार तापलंय. कूलरमध्ये नवीन वाळा भरला तरी दुपारी घरात बसवत नाही. हे सकाळीच आरामशीनवर लाकूड कापणं पाहून येतात, बाकी लाकडाचा सगळा धंदा आता रजतच बघतो. तुम्हा दोघांच्या वरच्या खोलीतलं तुझं टेबल मी रोज पुसते. रजत त्या खोलीत झोपत नाही, खाली बैठकीत अंथरूण घालतो. का, ते मी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुझं काम मला काही केल्या कळेना. घरात बसून नोकरी, आणि नोकरी म्हणजे पडद्यावरच्या वरखाली होणाऱ्या रेघा पाहणं. माझ्या इतवारीच्या जाऊबाईंना, यमुताईंना मी तसंच सांगायचे. एकदा मटार सोलताना तू मला नीट समजावलंस. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात वीसेक कॉम्प्युटर असतात, हाताला न लागणारे, व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत, सगळी मेमरी आपलीच. खरं तर ती सगळ्यांत मिळून एकच, आणि आहे त्याहून जास्त सगळ्यांना कबूल केलेली. सगळे एकदम मागत नाहीत म्हणून निभतं. एखादा फार खायला लागला की बाकीच्यांचं काम अडतं, आणि आपलं का अडलं ते त्यांना आतून नीट दिसतही नाही. म्हणून कोण किती घेतोय ते कोणीतरी बाहेरून पाहत राहायचं, आणि वेळेत एखाद्याला दुसऱ्या मशीनवर हलवायचं. नाही हलवलं तर, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "म्हणून तर मी फोन घेऊन न्हाणीतही जाते, आई." मला फार हसू आलं होतं. मुलगी हुशार मिळाली, असं त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं. तुझ्यासमोर मात्र कधी म्हटलं नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवसाबद्दल आपण दोघी एकदाही बोललो नाही. तुला तो पाठ आहे, तरी मला तो एकदा माझ्या हाताने लिहायचा आहे. त्या दिवशी तुझी ड्युटी होती. तू आधीपासून सांगत होतीस की बदली कोणी मिळत नाही, जो एक मुलगा मदतीला आहे तो गावाला जातोय, तिथे नेटवर्कही नसतं. मी म्हटलं, पाहू. मग पंगत बसली. तू पुरणपोळी वाढत होतीस आणि कमरेला खोचलेला फोन दर थोड्या वेळाने पाहत होतीस. यमुताई आंबिलीची वाटी खाली ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "रुख्मिणी, तुह्या सुनेले देवापेक्षा मोबाईल मोठा दिसते." बायका हसल्या. मला फार लागलं ते. चाळीसेक माणसांत माझ्या घराची शोभा होऊन राहिली, एवढंच माझ्या डोक्यात. मी उठले आणि तुला आत नेऊन म्हटलं, "दे वं तो इकडे." तू हळूच म्हणालीस, "आई, आज माझ्याकडेच आहे सगळं. दहा मिनिटं वर जाऊन येते." मी म्हटलं, "पंगत उठू दे आधी." आणि फोन घेऊन साड्यांच्या कपाटात ठेवला, किल्ली माझ्या कमरेला.

तिथवर कोणत्याही सासूच्या हातून होईल असं ते होतं, असं मी कित्येक दिवस स्वतःला सांगितलं. पण पुढचंही खरं आहे. पानं वाढायची चांदीची पळी आणायला मी त्या खोलीत गेले तेव्हा फोन वाजत होता. साड्यांच्या घडीत ठेवल्यामुळे आवाज दबका होता, पण थांबत नव्हता. बंद व्हायचा आणि पुन्हा सुरू. मी कपाटासमोर उभी राहिले. हाक मारली असती तर तू धावत आली असतीस. मी पळी घेतली आणि दार ओढून बाहेर आले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुला भात वाढायला सांगितला.

पाहुणे गेल्यावर किल्ली दिली तेव्हा तू फोन पाहिलास आणि तशीच वर गेलीस. एकच मशीन सगळी मेमरी गिळत गेलं आणि शेजारची सगळी अडकली, हे मला रजतकडून कळलं. त्यात एका पॅथॉलॉजी लॅबचं मशीन होतं. त्यांचे रिपोर्ट संध्याकाळपर्यंत निघालेच नाहीत, एका बाईचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. तुझे साहेब केशवराव यांनी विचारलं तेव्हा तू लिहून दिलंस की जेवणाच्या गडबडीत फोन मी कुठेतरी ठेवून विसरले. विसरले. मी कपाटाला लावलेलं कुलूप तू त्या एका शब्दात झाकून टाकलंस. तुझ्याकडून ते काम काढून घेतलं, मग तू नोकरीच सोडलीस, मग पुण्याची मिळाली आणि तिथे ऑफिसात जाऊन बसावं लागतं म्हणून निघालीस. रजत अंगणात ओरडला की घरात बसून होती ती नोकरी तुझ्या निष्काळजीपणानं गेली, अन आता दुसरीसाठी घर सोडून चालली. तू बॅग हातात घेऊन उभी होतीस. मी दारातच होते. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस, रागानं नाही, आणि रिक्षात बसलीस. तू काहून मला वाचवलंस, हे मी आजवर विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

त्यानंतर नातेवाइकांत काय काय बोललं गेलं ते तुझ्या कानावर आलंच असेल. नोकरीपायी सून निघून गेली, असं यमुताई लग्नामुंजीत सांगतात. मी शेजारी बसून ऐकते. कोणी माझ्या हातावर हात ठेवून म्हणतं, "तुमच्या नशिबी असं यायले नको होतं." आणि मी तो हात तसाच राहू देते. सगळ्यांत जास्त लाज मला त्या हाताची वाटते.

मागच्या आठवड्यात ह्यांची शुगर तपासायला लॅबमध्ये गेलो होतो. त्या दिवशी अडकलेली लॅब हीच की दुसरी, मला माहीत नाही. काउंटरवरची पोरगी सगळ्यांना सांगत होती, "सिस्टीम स्लो आहे, बसा." आमचं काय, आम्ही घरी जाऊन परत आलो असतो. पण काटोलकडचा एक माणूस होता, बायकोला मेयो हॉस्पिटलात भरती केलेलं. रिपोर्ट पाहिल्याशिवाय डॉक्टर पुढचं काही करत नव्हते. तो भांडत नव्हता. नुसता काउंटरपाशी जायचा, पोरीकडे पाहायचा, पुन्हा येऊन माझ्या शेजारी बसायचा. एकदा मला म्हणाला, "बाई, हे मशीन कोण पाहत असन?" असं कोणीतरी पाहणारं असतं, आणि आमच्या घरची ती मी पंगतीत भात वाढायला उभी केली होती, हे त्याला कसं सांगणार.

परतताना ऑटोत मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी विचारलं, "रजतले सांगतलं का?" मी म्हटलं, नाही. "मंग मले सांगून काय होते?" एवढंच बोलले. घरी आल्यावर चहाही माझ्या हातून घेतला नाही, स्वतः करून घेतला.

दुसऱ्या दिवशी रजत जेवायला आला तेव्हा त्याला समोर बसवून सांगितलं. कपाट, किल्ली, वाजणारा फोन, सगळं. त्याने हातातला घास खाली ठेवला. मला वाटलं, आता मला बोलेल, आणि बोलावं असंच वाटत होतं. तर तो म्हणाला, "आई, तू तिले वाचवून राहिली. घर मोडू नये म्हणून सांगून राहिली हे. तिनं स्वतः लिहून देलं ना की फोन ती विसरली. मी तिले कितीदा विचारलं, तेव्हाबी तेच म्हणे." मी देवाची शपथ घेतली. तो म्हणाला, "तू चांगली आहेस आई, पण असं नको करू." आणि हात धुऊन निघून गेला. माझ्या लेकाला माझं खरं बोलणं खोटं वाटलं, मिनल, कारण तू माझ्यासाठी खोटं बोललीस आणि त्यावर इतके महिने मी गप्प राहिले.

तुझ्या बाबांचा निरोप तुलाही आला असेल. येत्या रविवारी अमरावतीला दोन्हीकडची मोठी माणसं बसणार आहेत, तुम्ही दोघांनी वेगळं व्हायचं की कसं, ते ठरवायला. आमच्याकडून यमुताईही येणार आहेत, आणि त्या आलेल्याच बऱ्या. तिथे कोणी काही बोलायच्या आत मी हे सगळं सांगणार आहे. माझं सांगून झालं की रजत तुझ्याकडे पाहील, सगळेच पाहतील. तुला माझी दया येईल, मी तुला ओळखते. "नाही, आईंचं काही चुकलं नाही" असं तुझ्या तोंडून निघून जाईल. तेवढं निघू देऊ नकोस, एवढंच मागायला हे पत्र लिहिलं. तू फक्त म्हण, हो, असंच झालं होतं. मग रजतबरोबर राहायचं की नाही, नागपूरला यायचं की पुण्यातच राहायचं, ते तू तुझं ठरव. मी त्यात पडणार नाही.

तुझीच,
आई