अरुंधती दिसली का?

अण्णा, गेल्या आठवड्यात तुमच्या नातीचं लग्न झालं. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा माझंच लग्न व्हायचं होतं. जावई बनारसचाच, घरी हिंदी बोलणारा, एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. मुलगा सरळ आहे. लग्न मात्र आपल्या पद्धतीनं लावायचं असा हट्ट पोरीनं धरला, म्हणून लॉनवर मांडव घातला आणि गुरुजी बोलावले. गुरुजी तरुण, आवाज खणखणीत, पण घाई फार. सप्तपदी झाली, अरुंधती दाखवायची वेळ आली, तर वर बोट करून म्हणतात, "ऊपर देख लीजिए, हो गया." अहो, वर मांडवाचं कापड होतं! तुम्ही असता तर त्यांना जागच्या जागी झापलं असतं. तुम्ही नव्हता, म्हणून मी झापलं.

तुमचं हे खूळ बनारसच्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं. राजा घाटावर असो की संकठा घाटाच्या गल्लीत, लग्न लावायला तुम्ही असलात की नवरानवरीला ती बारीकशी चांदणी खरोखर दिसेपर्यंत पुढचा मंत्र नाही. वैशाखात ठीक असायचं, दिवेलागणीनंतर सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले असतात. मार्गशीर्षातलं लग्न म्हणजे पंचाईत. मग तुम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बिचाऱ्यांना उठवून घाटाच्या पायऱ्यांवर कुडकुडत उभं करायचात, आणि तुमची पिशवी धरून मीही कुडकुडायची. शेपटाकडून दुसरा तारा वसिष्ठ, त्याला चिकटून अरुंधती. नवरा म्हणतो, दिसली. तुम्ही विचारता, कुठल्या अंगाला? तो गडबडतो. एका बँकवाल्याच्या मुलाला तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "अहो, संसाराची सुरुवात खोट्यानं करता? नाही दिसली तर नाही दिसली म्हणा, मी आहे ना दाखवायला!" त्याचे वडील रागावले, जेवायला बसेनात. तुम्ही खुशाल दोन वाट्या श्रीखंड खाल्लंत.

आपल्या स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता तुम्ही एकदा मला सांगितलं होतं की ज्याला अरुंधती दिसेनाशी होते त्याचे दिवस भरत आले असं जुनी माणसं म्हणत. आई चुलीपाशी होती. ती उलथनं घेऊन वळली. "भरल्या घरात असलं काही बोलू नका. ज्याला दिसत नाही त्यानं चष्म्याचं दुकान गाठावं." तुम्ही हसलात. मीही हसले, पण ते डोक्यात राहिलं ते राहिलंच.

पुढे मी फिजिक्स घेतलं. एका संध्याकाळी कॉलेजातून आले ती चप्पल न काढताच तुम्हांला म्हणाले, की अण्णा, त्या तुमच्या अरुंधतीचा उजेड आपल्यापर्यंत यायला ऐंशीएक वर्षं लागतात, तरी ती जवळचीच. मला वाटलं वाद होणार. तुम्ही जानव्यानं पाठ खाजवत गच्चीवर गेलात आणि बराच वेळ आलाच नाहीत. जेवताना म्हणालात, "म्हणजे आज दिसते ती माझ्या आजोबांच्या वेळची. आणि ती तर जवळची म्हणतेस." जवळचीच, मी म्हटलं, बाकीच्यांचा हिशेबच करू नका. तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, "एवढ्या पसाऱ्यात आपण दोन माणसांची गाठ मारायची आणि साक्षीला तिला बोलवायची. काय हिंमत आहे बघ माणसाची!" आयुष्यभर वर्गात मुलींना प्रकाशवर्ष शिकवलं, पण एवढं चांगलं मला कधी सांगता आलं नाही. मग तुम्ही आईकडे ताक मागितलंत.

तर लग्नाचं सांगत होते. मी सगळ्यांना मांडवाबाहेर काढलं. बाहेर हॅलोजनचा असा लखलखाट की आकाश नुसतं राखाडी. मॅनेजरला म्हटलं, भैया, पाच मिनिटं सगळं बंद करा. तो म्हणाला, माताजी, अंधेरे में खाना कैसे चलेगा? मी म्हटलं, पाच मिनिटांत कोणी उपाशी मरत नाही. त्यानं बटणं पाडली. अण्णा, दिवे गेले. आधी काहीच दिसेना. मग एकेक तारा यायला लागला, आणि मग येतच राहिले. त्या रात्री हवेत धूळ नव्हती, आदल्या दिवशीच आंधी होऊन गेली होती. कोणीतरी पत्रावळ हातात धरून म्हणालं, "अरे बाप रे, इतने तारे!" जसे काही ते आजच लावले होते. शहाण्यासुरत्या माणसांनी माना वर करून तोंडं उघडी टाकली होती, आणि मला का कोण जाणे रडू फुटलं.

पोरीला लगेच दिसली. जावई म्हणाला, "मम्मीजी, मुझे तो एक ही दिख रहा है." कुजबुज सुरू झाली. अपशकुन, दुसरं काय. त्याची बुआ कोपरानं ढोसून म्हणते, "बोल दो न बेटा, दिख गया." तो बोलेना. एक्स-रे काढणारा पोरगा, नाही त्याला नाहीच म्हणणार! पण चेहरा उतरला होता त्याचा, आणि माझ्या पोरीचाही. तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, "मुझे भी नहीं दिख रहा. दिवाली से नहीं दिख रहा. अभी तक तो खड़ी हूँ." सगळे हसले. मग मी त्याला तुमची युक्ती सांगितली, की रोखून बघू नकोस, जरा बाजूला नजर ठेव, ती आपसूक येते. त्यानं तसं केलं आणि ओरडलाच, "हाँ! ऊपर की तरफ, छोटी सी!" कुठल्या अंगाला ते न विचारताच सांगितलं. दिवे लागले, टाळ्या झाल्या, पुऱ्या तळायला घेतल्या.

मीही बाजूला नजर ठेवून बघत होते. नाही आली.

पाठवणीच्या गडबडीतही पोरीनं मला कोपऱ्यात गाठलंच. "आई, दिवाळीपासून? आणि आम्हांला सांगत नाहीस?" सासरी जाऊन दुसऱ्याच दिवशी तिनं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. मोतीबिंदू आहे. बुधवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. किरकोळच आहे, मला कळतं, लेन्स कशी धूसर होते ते मी फळ्यावर काढून दाखवत आले आहे.

पण मी आता रोज संध्याकाळी गच्चीवर जाते, माकडांसाठी बसवलेली जाळी सरकवते आणि बघते. बघताना तुमचा शेवटचा ज्येष्ठ महिना आठवतो. तुमची साखर वाढली होती, जिना चढताना माझा खांदा धरला होतात. वर आलो तर उत्तरेला नुसता ढग. काळा, जाड, एक चांदणी नाही. तुम्ही बोट केलंत आणि म्हणालात, "ती बघ. स्वच्छ दिसते आज." मी ढगाकडे बघत म्हणाले, "हो अण्णा, स्वच्छ." आपण दोघं तसेच उभे राहिलो. दिवाळीआधी तुम्ही गेलात. मला इतकी वर्षं वाटत आलं की मी तुमचं मन राखलं. आता वाटतं, ती तुम्हांला आधीच दिसेनाशी झाली होती, तुम्ही घाबरला होतात, आणि शेजारी मी होते तरी एकटेच घाबरलात.

हे पत्र कुठे टाकायचं, गंगेतसुद्धा नको, आधीच काय कमी कचरा आहे. ते लॉनवरचं "अभी तक तो खड़ी हूँ" आठवून लोक अजून हसतात. मला भीती वाटते, अण्णा. फार वाटते.